१/३५ मापाचा मराठा शिपाई: सावळा चेहरा राखाडी का पडतो

दुसऱ्या महायुद्धातल्या मराठा शिपायाची छोटी मूर्ती (१/३५, म्हणजे खऱ्याच्या पस्तिसाव्या भागाएवढी) रंगवताना तुमच्या तीन तक्रारी आहेत: चेहरा राखाडी दिसतो, गणवेशावर रंगाच्या कडा उमटतात आणि शेवटी मॅट वार्निश मारलं की सगळ्यावर पांढरट थर येतो. चेहऱ्याचं जरा सविस्तर सांगतो, बाकीचं सोपं आहे.

ब्रिटिश पायदळाच्या किटसोबत येणारा रंगतक्ता गोऱ्या कातडीसाठी असतो. तो नुसता गडद करून भागत नाही. तपकिरी रंगात पांढरा मिसळला की तो उजळतो, पण सोबत त्याची ऊब जाते. तुमचा राखाडीपणा तिथूनच येतो. सावळी कातडी पांढऱ्याने नाही, पिवळसर-नारिंगी रंगाने उजळायची. व्हॅलेहो मॉडेल कलर या ॲक्रिलिक रंगांमध्ये (कंसात बाटलीचा नंबर) फ्लॅट ब्राऊन (७०.९८४) दोन भाग आणि मीडियम फ्लेशटोन (७०.८६०) एक भाग, हा पाया घ्या. सावलीसाठी यात जर्मन कॅमो ब्लॅक ब्राऊन (७०.८२२) थोडा थोडा घाला; शुद्ध काळा नको. उजेडाकडे जाताना आधी फ्लेशटोन वाढवत न्या आणि अगदी शेवटी ऑरेंज ऑकर (७०.८२४) चिमूटभर. प्रमाण डोळ्यांनी ठरवा, कारण गडद प्रायमरवर (रंगाआधीच्या अस्तरावर) आणि राखाडी प्रायमरवर हेच मिश्रण वेगळं दिसतं.

उजेड कपाळ, नाकाचा शेंडा, गालाची हाडं, वरचा ओठ आणि हनुवटी इथेच. सावली डोळ्यांच्या खोबणीत, नाकाच्या बाजूंना, गालाच्या हाडाखाली, खालच्या ओठाखाली. ओठांना पायाच्या रंगात थोडा बर्न्ट कॅडमियम रेड पुरतो. दाढीच्या जागी निळसर राखाडीचा अतिशय पातळ हात द्या, पण एकच. हात रंगवताना तळवे पायापेक्षा उजळ ठेवा, हे बहुतेक जण विसरतात.

डोळ्यांवर फार वेळ घालवू नका. खऱ्या माणसाचा डोळा साधारण ३ सेंटिमीटर रुंद धरला तर या मापात तो एक मिलिमीटरही भरत नाही. त्यात मार्क २ या ब्रिटिश लोखंडी हेल्मेटच्या रुंद कडेची सावली चेहऱ्याच्या वरच्या भागावर पडते. वरच्या पापणीची गडद तपकिरी रेघ आणि खाली मळकट पांढऱ्याचे दोन सूक्ष्म ठिपके, बस. शुद्ध पांढरा घातलात तर शिपाई दचकल्यासारखा दिसतो. डोळे कातडीआधी रंगवा; बाहेर गेलेला रंग कातडीच्या रंगाने झाकता येतो.

आता कडा. त्या ब्रशवर जास्त पाणी राहिल्याने येतात. पायाच्या थराला रंग आणि पाणी साधारण सारखं, दुधाइतकं पातळ. दोन-तीन थर, प्रत्येक पूर्ण सुकू द्या. सावलीच्या पातळ थराला एक भाग रंगाला पाच-सहा भाग पाणी. पण ब्रश रंगात बुडवला की आधी टिश्यूवर टेकवायचा, मग मूर्तीला लावायचा. फटकारा उजेडाकडून सावलीकडे ओढा, कारण ब्रश जिथे उचलता तिथे रंग साचतो. अर्धवट सुकलेल्या थराला पुन्हा हात लावलात की खालचा थर निघतो. पंखा बंद ठेवा. रंग ओला राहावा म्हणून डब्यात भिजवलेला टिश्यू आणि वर बेकिंग पेपर, एवढी पॅलेट घरी होते. ब्रश बारीक हवा म्हणून तीन शून्याचा घेऊ नका. त्याच्या टोकावरच रंग सुकतो. चांगल्या टोकाचा एक नंबरचा सेबल (प्राण्याच्या मऊ केसांचा ब्रश) घ्या.

गणवेशाचा रंग काळावर ठरतो. इटलीत उन्हाळ्यात खाकी ड्रिल (सुती गणवेश), थंडीत लोकरी बॅटलड्रेस. नामदेव जाधवांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला ती सेनिओ नदीवरची ९ एप्रिल १९४५ ची लढाई बसवायची असेल तर बॅटलड्रेस: इंग्लिश युनिफॉर्म (७०.९२१), उजेडाला त्यात खाकी (७०.९८८). त्यांची बटालियन १/५ मराठा (५ व्या मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन) ८ व्या भारतीय डिव्हिजनमध्ये होती. दंडावर डिव्हिजनची खूण असते, तिच्या लाल चौकोनात पिवळे ठिपके पुरेत, क्लोव्हरची पानं रेखाटायच्या भानगडीत पडू नका. १९३७ पॅटर्नच्या (ब्रिटिश सैन्याच्या) कापडी पट्ट्यांना ग्रीन ग्रे (७०.८८६) आणि खाकी मिसळा, म्हणजे त्या गणवेशापासून वेगळ्या दिसतील, बकलांना पितळी ठिपका.

वार्निशचा पांढरा थर हवेतल्या ओलाव्यामुळे येतो. मुंबई-कोकणात पावसाळ्यात मॅट स्प्रे मारूच नका, किंवा ब्रशने लावायचा ॲक्रिलिक मॅट वापरा. बाटली आधी नीट हलवा, मॅट करणारी पूड तळाशी बसलेली असते आणि ती तशीच राहिली तर चमक येते. थर आलाच असेल तर त्यावर ग्लॉस वार्निशचा एक पातळ हात द्या. बरेचदा पांढरेपणा जातो. मग कोरड्या दिवशी पुन्हा मॅट. मूर्ती रेझिनची असेल तर प्रायमरआधी भांड्याच्या साबणाने धुवा, नाहीतर साच्याच्या तेलावरून प्रायमरच सुटेल.