आयव्हीएफ उपचार आणि रक्ताची गुठळी

प्रश्न : माझे वय ३६ असून पुढील महिन्यात आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबी) उपचार सुरू होतील. गरोदरपणात आईच्या पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी झाली होती. मलाही तो धोका आहे का?

उत्तर : आईचा हा इतिहास पहिल्याच भेटीत डॉक्टरांना आवर्जून सांगा, घाईच्या तपासणीत तो विचारला जाईलच असे नाही. बीजकोषांना उत्तेजन देणाऱ्या इंजेक्शनांमुळे इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाची पातळी कितीतरी वाढते व रक्त गोठण्याची प्रवृत्ती बळावते. त्यातच बीजकोष अतिउत्तेजित झाले, तर रक्तातील द्रव पोटात झिरपून रक्त दाट होते आणि खरी काळजी तेथे असते. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या स्वीडनमधील अभ्यासात, आयव्हीएफने गर्भ राहिलेल्या स्त्रियांत पहिल्या तिमाहीत गुठळीचे प्रमाण हजारी सुमारे १.५, तर नैसर्गिक गर्भधारणेत ०.३ आढळले. म्हणजे धोका वाढतो, पण बहुसंख्य स्त्रियांना गुठळी होत नाही, हेही तितकेच खरे.

अतिउत्तेजनाची शक्यता दिसल्यास गर्भ गोठवून ठेवून त्याचे रोपण पुढील चक्रात करता येते. गरज भासल्यास डॉक्टर रक्त गोठू न देणाऱ्या हेपॅरिनची इंजेक्शने देतात. हे औषध वार (प्लासेंटा) ओलांडून बाळापर्यंत जात नाही. ॲस्पिरिन मात्र स्वतःच्या मनाने घेऊ नका.

एकाच पायाला सूज व दुखणे, अचानक दम लागणे, छातीत कळ येणे, तसेच मान किंवा हात सुजणे (या उपचारांत गुठळी तेथेही होते, हे फारसे कोणी सांगत नाही) यांपैकी काहीही जाणवल्यास त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालय गाठा.