प्रिंटके टाकला की बग गायब होतो: फाइलसिस्टिम मॉड्यूलमधला अनइनिशियलाइज्ड व्हेरिएबल शोधायचा कसा?

तुम्ही दिलेली लक्षणं अशी: स्वतःच्या फाइलसिस्टिम मॉड्यूलमध्ये राइट अधूनमधून फसतं, एरर कोड दरवेळी वेगळा, प्रिंटके (कर्नलच्या लॉगमध्ये ओळ छापणारं फंक्शन) टाकला की सगळं सुरळीत, आणि कासान (मेमरीच्या चुका पकडणारं कर्नलचं साधन) लावूनही एक ओळ उमटत नाही. कासानकडून ती अपेक्षाच नको. हद्दीबाहेरची किंवा फ्री झालेली मेमरी तो पकडतो. हद्दीतलीच, पण जिच्यात अजून कोणी काही लिहिलेलं नाही, ती त्याच्या लेखी वैध. प्रिंटकेमुळे रजिस्टर आणि स्टॅकची मांडणी बदलते, म्हणून त्या जागी वेगळा कचरा सापडतो. बग तिथेच असतो.

म्हणून मी आधी कचरा ठरावीक करून घेतो, शोध नंतर. कर्नल कॉन्फिगमध्ये स्टॅक इनिशियलायझेशनचा पर्याय 'पॅटर्न'वर ठेवा (कंपायलर क्लँग, किंवा जीसीसी १२ आणि पुढे). अलीकडच्या कर्नलमध्ये कंपायलरला जमत असेल तर डीफॉल्ट 'झीरो' असतो, आणि नेमका तोच असले बग झाकतो. ६४-बिट मशीनवर क्लँग प्रत्येक बाइटमध्ये हेक्स एए भरतो, जीसीसी एफई. इंट म्हणून वाचलं तर अनुक्रमे -१४३१६५५७६६ आणि -१६८४३०१०. लॉगमध्ये यातला आकडा दिसला की स्टॅकवरचा न भरलेला व्हेरिएबल समजा. गंमत म्हणजे हा आकडा सिस्टिम कॉलमधून बाहेर आला तर लिबसी (प्रोग्रॅम आणि कर्नल यांच्यामधली सी लायब्ररी) त्याला एरर मानत नाही, कारण एररची हद्द -१ ते -४०९५. राइट -१ देत नाही, एररनो (शेवटच्या एररचा क्रमांक) जुनाच राहतो आणि माणूस भलतीकडेच शोधत बसतो.

केमॅलॉकने (कर्नलमध्ये मेमरी मागणारं फंक्शन) घेतलेल्या मेमरीसाठी बूट लाइनवर 'स्लब_डीबग=पी' द्या. हेक्स ६बी दिसलं (इंट म्हणून १८०२२०१९६३) तर मेमरी घेतली पण भरली नाही, किंवा फ्री केल्यावर वापरली. दुसरा वेगळा आजार, आणि तो कासान पकडतो. हे सगळं होईपर्यंत गिट बायसेक्टला (जुने कमिट तपासत बग कुठे शिरला ते शोधणं) हात लावू नका. दर कमिटला स्टॅकची मांडणी बदलू शकते, मग 'गुड' आणि 'बॅड' हे निव्वळ नशिबावर ठरतं.

आता खरं हत्यार: केएमसॅन, म्हणजे न भरलेल्या मेमरीचा वापर पकडणारं कर्नलचं साधन. मेनलाइनमध्ये तो ६.१ पासून (२०२२) आहे, क्लँग लागतो, आणि कासानबरोबर एकाच कर्नलमध्ये चालत नाही. मेमरी भरपूर खातो आणि मशीन रांगायला लागतं, म्हणून क्यूईएमयूमध्येच (व्हर्च्युअल मशीन) चालवा. न भरलेली व्हॅल्यू नुसती कॉपी झाली तर तो गप्प बसतो. तिच्यावर इफ लागला, ती पॉइंटर म्हणून वापरली किंवा यूजरस्पेसला गेली की बोलतो. त्यामुळे रिपोर्टची पहिली ओळ म्हणजे गुन्ह्याची जागा नव्हे. खाली 'अनइनिट वॉज स्टोर्ड टू मेमरी' आणि 'लोकल व्हेरिएबल … क्रिएटेड अ‍ॅट' असे भाग येतात. तळापासून वर वाचा, आणि ऑफसेटवरून सोर्सची ओळ काढायला कर्नलच्या स्क्रिप्ट्समधलं 'एफअ‍ॅडर-टू-लाइन' वापरा.

पण जो रस्ता चाललाच नाही, त्यावर केएमसॅन काय बोलणार? फाइलसिस्टिममध्ये हे बग बहुतेक एरर पाथवर असतात, म्हणून फॉल्ट इंजेक्शन, म्हणजे मुद्दाम एरर घडवणं, लागतंच. फेलस्लॅब (मेमरीची मागणी मुद्दाम फेल करणारी सोय) चालू करून अनेक जण 'काहीच फेल होत नाही' म्हणतात, त्याची कारणं दोन. 'टाइम्स'ची डीफॉल्ट किंमत १ असते, ती -१ करा. आणि 'इग्नोर-जीएफपी-वेट' डीफॉल्टने वाय असतो, म्हणजे झोपू शकणारी अ‍ॅलोकेशन्स वगळली जातात. फाइलसिस्टिम कोड मेमरी मागताना वापरतो ते जीएफपी_नोएफएस त्यातच मोडतं. तो एन करा. 'टास्क-फिल्टर' लावून फक्त टेस्ट प्रोसेसच्या 'मेक-इट-फेल' फाइलमध्ये १ लिहा, नाहीतर शेलच आधी मरेल. मग एक्सएफएसटेस्ट्सचा (फाइलसिस्टिमच्या चाचण्यांचा संच) क्विक गट चालवा.

कोड वाचताना माझी नजर आधी लूपवर जाते. वर नुसतं 'इंट रेट;', मग 'लेन शून्यापेक्षा मोठा असेपर्यंत' व्हाइल, आत रेटला किंमत, शेवटी रिटर्न रेट. लांबी शून्य आली की लूप एकदाही फिरत नाही. दुसरी नेहमीची जागा म्हणजे फाइलमधल्या जागेवरून डिस्कवरचा ब्लॉक शोधणारं मॅपिंगचं हेल्पर फंक्शन: ब्लॉक सापडला तर आउट पॅरामीटर भरतं, होल (ब्लॉक न दिलेली रिकामी जागा) असेल तर न भरताच शून्य परत देतं, आणि कॉलर बिनधास्त तो ब्लॉक नंबर वापरतो. जीसीसीची 'मेबी-अनइनिशियलाइज्ड' वॉर्निंग २०२० पासून साध्या बिल्डमध्ये बंद आहे; फक्त तुमच्या डिरेक्टरीवर 'डब्ल्यू=२' लावून बिल्ड करा. खोट्या वॉर्निंगही येतील, तरी एकदा वाचून काढा. दोन फायलींमध्ये विभागलेला असला कोड कंपायलरला दिसत नाही, तिथे स्मॅच (कोड न चालवता तपासणारं साधन) जास्त उपयोगी.

दुरुस्ती करताना डिक्लेरेशनलाच '= ०' चिकटवू नका. इथे शून्य म्हणजे यश. राइट झालं नाही तरी 'झालं' असं सांगणारी फाइलसिस्टिम एरर देणाऱ्या फाइलसिस्टिमपेक्षा वाईट. शिवाय उद्या कोणी नवा गोटू टाकून किंमत द्यायला विसरलं तर कंपायलरचं तोंड तुम्ही आधीच बंद केलेलं असतं. प्रत्येक फांदीवर काय परत जायला हवं ते ठरवा आणि तिथेच लिहा.

डिस्कवर जाणाऱ्या बफरचं मात्र उलट: तिथे आख्खा ब्लॉक मेमसेटने शून्य कराच. एक्स्ट४ मध्ये एक्स्टेंट ट्रीच्या ब्लॉकचा न वापरलेला भाग शून्य न करता डिस्कवर जात होता, म्हणजे कर्नल मेमरीतला मजकूर फाइलसिस्टिममध्ये झिरपत होता. २०१९ मध्ये त्याला सीव्हीई-२०१९-११८३३ हा सुरक्षा-दोषाचा क्रमांक मिळाला आणि दुरुस्ती मेमसेटचीच होती. स्ट्रक्टच्या पॅडिंगलाही हेच लागू: प्रत्येक फील्ड भरलं तरी मधले बाइट न भरलेलेच राहतात.