मीटरवर 2,900 मैल

प्रिय मित्रा,

1977 ची हार्ले-डेव्हिडसन लो रायडर, आणि मीटरवर फक्त 2,900 मैल! अशी गाडी विकत घ्यायला निघालायस, ही तुझी मेल वाचून मलाही रात्री नीट झोप लागली नाही. हार्लेचा डिझायनर विली जी. डेव्हिडसन याच्या डोक्यातून निघालेली ही फटफटी त्याच वर्षी अमेरिकेतल्या डेटोनात लोकांनी पहिल्यांदा पाहिली. सीट जमिनीपासून जेमतेम सत्तावीस इंचांवर, टाकी करड्या चंदेरी रंगाची आणि तिच्यावर लाल अक्षरं. फोटोत दिसतोय तो रंग कारखान्यातलाच असेल, तर त्यावर ओरखडे असले तरी पुन्हा रंगवायचा विचारही करू नकोस. नवा रंग कोणीही देईल. तो जुना मात्र एकदा खरवडला की गेलाच.

आता त्या आकड्याबद्दल. मीटरचे मैल लेखी देण्याची सक्ती अमेरिकेत 1972 च्या कायद्याने आली खरी, पण एवढ्या जुन्या गाड्यांना तिच्यातून सूट आहे. म्हणजे टायटलवर, गाडीच्या मालकीच्या कागदावर, काहीही लिहिलेलं असो, त्याची हमी कोणी घेतलेली नसते. त्यापेक्षा फूटपेगचं, म्हणजे पाय ठेवायच्या दांडीचं, रबर बघ, ब्रेकचं पेडल बघ, हँडलच्या मुठी बघ. हजारो मैल पाय टेकला की रबराची नक्षी पुसली जातेच. सर्व्हिसच्या जुन्या पावत्या माग, आणि त्यांवरचे मैल तारखेप्रमाणे चढत गेलेत का ते तपास. 1970 च्या दशकातल्या हार्लेच्या फ्रेमवर आणि इंजिनवर एकच नंबर ठोकलेला असतो. हँडलखाली फ्रेमच्या मानेवरचा नंबर, क्रँककेसवरचा (इंजिनाच्या खालच्या पेटीवरचा) नंबर आणि टायटलवरचा नंबर, तिन्ही जुळले नाहीत तर निमूट घरी ये.

एएमएफच्या काळातली हार्ले म्हटलं की काही जण नाक मुरडतात. 1969 ते 1981 या वर्षांत हार्ले कंपनी एएमएफ या अमेरिकन कंपनीकडे होती आणि कारखान्यातलं काम ढिलं पडलं होतं, हे खरंच आहे. तरी मला ही गाडी त्या काळातली सगळ्यात देखणी वाटते. मूळचा कीहिन कार्ब्युरेटर अजून आहे का, तेवढं पाहा. अनेकांनी तो काढून एस अँड एस या दुसऱ्या कंपनीचा बसवला. मालकाने काढलेला भाग फडताळात जपून ठेवला असेल तर तोही मागून घे.

सगळ्यात महत्त्वाचं: मालक म्हणेल, "स्टार्ट करून बघ ना!" हात लावू नकोस. माझ्या पहिल्या शॉव्हेलहेडच्या वेळी मी हीच घाई केली होती. (शॉव्हेलहेड म्हणजे तुझ्या लो रायडरमध्येही असलेलं हार्लेचं इंजिन; त्याच्यावरची झाकणं कोळशाच्या फावड्यासारखी दिसतात, म्हणून हे नाव.) हे इंजिन वर्षानुवर्षं उभं राहिलं की ऑइलच्या टाकीतलं ऑइल पंपातून झिरपत झिरपत क्रँककेसमध्ये उतरतं. मी बटण दाबलं आणि ते सगळं ब्रीदरमधून, इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून, बाहेर आलं. गॅरेजची फरशी धुता येते रे, पण वाळून कडक झालेले सील त्याच दिवशी गेले.

म्हणून आधी क्रँककेस रिकामा कर. स्पार्क प्लग काढून दोन्ही सिलिंडरमध्ये थोडंसं ऑइल सोड, एक दिवस मुरू दे, मग प्लग बाहेर ठेवूनच इंजिन हाताने हळूहळू फिरव. पेट्रोलच्या टाकीत टॉर्च मारून गंज बघ. जुनं पेट्रोल कार्ब्युरेटरमध्ये डिंकासारखं चिकटतं, तो पूर्ण उघडून धुवावा लागेल. नवं पेट्रोल इथेनॉल नसलेलंच भर, जुन्या रबराला इथेनॉल सोसत नाही. टायर कितीही कोरे दिसोत, त्यांवर रस्त्यावर जायचं नाही. काढलेले टायर फेकू मात्र नकोस, पांढऱ्या अक्षरांचे मूळचेच असतील तर संग्राहकांना त्यांचं मोल असतं.

आणि घेतलीस तर चालव. वर्षाला शे-दोनशे मैल वाढले म्हणून किंमत थोडी उतरेल, उतरू दे. तिचा तो अडखळता ठोका ऐकायलाच तर आपण हे सगळं करतोय ना?

शनिवारी टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन जा. तिन्ही नंबरांचे फोटो रात्रीच पाठव, मी जागा असेन.

तुझा,
काका