कावळ्याचा घास आणि ५,००० डॉलर

चि. रेवा,

रविवारी नाशिकला व्हिडिओ कॉल चालू असताना माईआजी कठड्यावर कावळ्याचा घास ठेवत होती आणि तू विचारलंस, "आजीला दंड नाही होत? इथे केलं तर ५,००० डॉलर! आणि कावळे तर घाण असतात." आजीने ऐकलं. "भात निवतोय गं, ठेवते," म्हणाली आणि फोन बंद. मी गप्प बसले. दंडाचं तुझं बरोबर होतं आणि 'घाण' मला लागलं होतं, दोन्ही एकदम बोलता येईना. म्हणून पत्र. सावकाश वाच, एका दमात नाही वाचलंस तरी चालेल.

दंडाचं आधी उरकते. २०२० च्या जूनपासून आपल्या इथे सिंगापूरमध्ये कुठल्याही जंगली प्राण्याला किंवा पक्ष्याला मुद्दाम खायला घालणं गुन्हा आहे. पहिल्यांदा ५,००० डॉलरपर्यंत दंड, पुन्हा केलं तर १०,००० पर्यंत. हा कायदा मला पटतो. मॅकरिचीच्या जंगलात फिरायला जाताना आपण प्लॅस्टिकची पिशवी हातात धरत नाही, सगळं सॅकमध्ये कोंबतो. पिशवी म्हणजे खाऊ, हे माकडांना माणसांनीच भरवून भरवून शिकवलंय. सप्तशृंगगडावरही हेच, फक्त पिशवीत पेढे आणि नारळ असतात. मुंबईत २०२५ मध्ये दादरचा कबुतरखाना बंद केला त्यावरून केवढा गदारोळ झाला, पण कबुतरांच्या वाळलेल्या विष्ठेची धूळ फुप्फुसांना खरंच बाधते. तेव्हा खाऊ घातलं की झालं पुण्य, असं मी सरसकट म्हणणार नाही.

आता कावळा. आपल्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या बाजारात, उष्टी ताटं ठेवायच्या रॅकवर बसतो तो बघ, मान करडी आणि बाकी काळा. तो आणि आजीचा एकाच जातीचे, गावकावळे. सबंध काळा, जाड चोचीचा तो डोमकावळा, तो वेगळा. गावकावळा मूळचा आपल्याकडचा. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी कॉफीच्या मळ्यांतल्या अळ्या खाईल म्हणून माणसांनीच त्याला मलायातल्या क्लांगला आणलं आणि तिथून तो पसरला. कामासाठी आणलेला, मग इथलाच झालेला. (आपलं फार वेगळं नाही, पण ते असो.) इथे त्याची घरटी काढतात, त्याला पिंजरे लावतात, कारण इथल्या पक्ष्यांची अंडी तो खातो आणि पिल्लं उडायला लागली की माणसांच्या डोक्यावर टोचा मारतो. नाशिकमध्येही मे-जूनमध्ये टोचतो. घरट्याच्या झाडाखालून जाताना छत्री उघडायची आणि पळायचं नाही, एवढंच करायचं. घाण म्हणशील तर ते उष्टं रॅकवर तो ठेवत नाही.

जुन्या नाशकात तिवंध्याजवळच्या आमच्या वाड्यात घासाची जागा ठरलेली होती, मोरीच्या पत्र्याचा डावा कोपरा. वेळही ठरलेली, देवाचा नैवेद्य झाला की, म्हणजे बाराच्या सुमाराला, माणसं पानावर बसायच्या आधी. लिंबाएवढा भात, वर चमचाभर वरण, तुपाचे दोन थेंब. वरण मीठ घालायच्या आधीच काढून ठेवलेलं असायचं. भाजी, लोणचं, पापड कधीही नाही. त्यामागे सोवळं होतं की पक्ष्याला मीठ-मसाला बाधतो हे ठाऊक होतं, ते माईलाच विचार. ती दोन्ही सांगेल. संध्याकाळी उरलेली शितं उचलायची आणि पत्र्यावर तांब्याभर पाणी ओतायचं, हे काम मुलांचं. कंटाळा केला की रात्री घूस यायची, घुशीमागे धामण, आणि धामण दिसली की अख्खा वाडा खाटांवर. धामण बिनविषारी असते हे खाटेवरून सगळ्यांना माहीत होतं.

कावळा नव्या वस्तूला बिचकतो. नवं ताट, चकचकीत फॉइल, मोबाइल रोखून उभा असलेला माणूस, यातलं काहीही दिसलं की तो लांबच्या तारेवर बसून नुसता बघतो. ओळखीच्या जागी, ओळखीच्या हाताने, रोजच्या वेळी ठेवलेलं मात्र दोन मिनिटांत उचलतो. कावळे माणसांचे चेहरे वर्षानुवर्षं लक्षात ठेवतात, हे अमेरिकेतल्या कावळ्यांवरच्या प्रयोगांत दिसलंय. माई ते प्रयोगाशिवाय सांगते.

म्हणून भाद्रपदातल्या पितृपंधरवड्यात गंमत होते. बारा वाजता गच्चीगच्चीवर पानं मांडलेली, प्रत्येकावर खीर, वडे, भात. कावळे मोजके, त्यांची पोटं अकरालाच भरलेली. वर्षातून एकदा आठवण काढणारे लोक नव्या कोऱ्या द्रोणात वाढून "काव काव" करत उन्हात उभे, आणि घरात उपाशी पाहुणे खोळंबलेले. मग म्हणायचं, पितर रुसले. माईकडे त्या दिवसांतही खोळंबा होत नाही, कारण ती ३६५ दिवस ठेवते.

रामकुंडावरचे कावळे तर माणसांना पुरते सरावलेले. दहाव्याला पिंड ठेवला की बऱ्याचदा लगेच शिवतात. कधी शिवत नाहीत. मग घरातलं एकेक माणूस पुढे होऊन "धाकटीचं लग्न करू", "भांडण मिटवू" असं बोलून बघतं. तरीही नाहीच आला तर दर्भाचा कावळा करून शिववतात. नानांच्या दहाव्याला हे बिचकण्याचं शास्त्र मला पाठ होतं. तरी मी मनात काहीतरी कबूल केलंच. काय ते तू मोठी झाल्यावर.

चिऊचं राहिलं. तुला तेराव्या मजल्यावर "एक घास चिऊचा, एक घास काऊचा" करत भरवलं तेव्हा खिडकीत बोट दाखवायला चिऊ होती, पण ती नाशिकची नव्हे. इथल्या चिमणीचं डोकं तपकिरी आणि पांढऱ्या गालावर काळा ठिपका, नर-मादी सारखेच. नाशिकच्या चिमणीत नराचं डोकं राखाडी आणि गळ्याखाली काळा पट्टा, मादी साधी मातकट. वाड्यात ती तुळई आणि भिंतीच्या फटीत घरटं करायची, नाहीतर देवादिकांच्या तसबिरीमागे. अंडी घातली की माजघरातला पंखा बंद. चुकून कोणी लावू नये म्हणून नाना बटणावर कागद चिकटवायचे. अंड्यांतून पिल्लं यायला बारा-चौदा दिवस आणि पिल्लं उडायला आणखी पंधरा, म्हणजे ऐन एप्रिलमध्ये महिनाभर आम्ही पुठ्ठ्याने वारा घ्यायचो. तेव्हा मला याचा रागच यायचा.

वाडे पडले आणि सिमेंटच्या गुळगुळीत भिंतीत फट कुठली असणार? नाशिकच्याच मोहम्मद दिलावर यांच्या नेचर फॉरेव्हर सोसायटीने लाकडी घरटी लोकांपर्यंत पोचवली. २० मार्चचा जागतिक चिमणी दिनही त्यांनीच २०१० पासून सुरू केला. आजीच्या गॅलरीतलं घरटं दोन वर्षं रिकामं राहिलं, ते आपल्याच चुकांमुळे. मी ते पश्चिमेच्या भिंतीवर लावलं होतं, दुपारी आत भट्टी व्हायची. आणि शोभेला भोकाखाली दांडी ठोकली होती. चिमणीला दांडी लागत नाही, कावळ्याला मात्र त्यावर बसून आत चोच घालता येते. आता ते पूर्वेला, आठ फुटांवर, पंख्यापासून लांब आहे आणि दांडी काढली. भोक ३२ मिलिमीटरचं हवं, त्याहून मोठं झालं की साळुंकी शिरते. समोर मूठभर बाजरी किंवा तांदळाची कणी ठेवायची. तासाभरात संपली नाही तर दुसऱ्या दिवशी निम्मी. पण पिल्लं दाण्यावर वाढत नाहीत, त्यांना पहिले काही दिवस किडे-अळ्याच लागतात. म्हणून कढीपत्त्यावरच्या अळ्यांवर औषध फवारायचं नाही, पानं खाल्ली तर खाऊ देत. हे माईला पटवायला मला जास्त वेळ लागला.

कुत्र्याच्या पोळीबद्दल मात्र मी आजीशी भांडते. गायीला, कुत्र्याला घास काढायची तिची जुनी सवय. वाड्यात कुत्रा एकच होता आणि तो सगळ्यांचा होता. आता गंगापूर रोडला सोसायटीच्या फाटकाबाहेर रात्री पोळ्या टाकल्या की पंधरा कुत्री जमतात. निफाड-सिन्नरकडच्या उसात बिबट्यांचा मुक्काम. उभा ऊस दहा-बारा महिने हलत नाही, माद्या त्यातच पिल्लं घालतात, आणि थंडीत तोड सुरू झाली की ती सगळी उघड्यावर येतात. माणसांच्या वस्तीजवळच्या बिबट्यांच्या खाण्यात कुत्र्यांचा वाटा मोठा असतो. म्हणजे फाटकावरची पोळी कुठपर्यंत जाते बघ. घरात बोलावून हातातली पोळी द्यावी, खाल्ली की फाटक लावावं, इतकं तिने मान्य केलंय. बिबट्या शहरात दिसला की खरा धोका गर्दीचा. लोक मोबाइल घेऊन धावतात, तो कोंडीत सापडतो आणि झेप घेतो. आपण दार लावायचं आणि वनखात्याच्या १९२६ या नंबरवर फोन करायचा. अंधारात जावं लागलंच तर टॉर्च लावून, मोठ्याने बोलत. खाली वाकून चपलेचा बंद बांधत बसायचं नाही.

डिसेंबरात आपण जाऊ तेव्हा पतंग सुरू झालेले असतील. मामा तुला आसारी, म्हणजे दोऱ्याची फिरकी, देईल. दोरा सुतीच घ्यायचा, नायलॉनचा मांजा कोणी फुकट दिला तरी नाही. त्यावर बंदी आहे, तरी मिळतो. झाडावर तो वर्षभर लोंबत राहतो. त्यात पक्षी अडकलेला दिसला तर ओढायचं नाही, ओढला की पंखाच्या मुळाशी चिरतो. मोठ्या माणसाला बोलवायचं, पक्ष्यावर कापड टाकायचं, दोरा दोन्ही बाजूंनी कापायचा आणि गुंतलेला तुकडा तसाच ठेवून भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात, डॉक्टरकडे. चोचीत पाणी ओतायचं नाही, श्वासनळीत जातं.

घासाचं तू ठरव. इथे गॅलरीत ठेव असं मी कधीच सांगणार नाही, ते चूकच आहे. तिथे ठेवलास तर पहिले दोन-तीन दिवस कावळा येणार नाही, तुझं तोंड त्याला नवं. माईला ठेवू दे, तू दोन पावलं मागे उभी राहा, फोन आत ठेवून. चौथ्या दिवशी घास तू ठेव आणि ती मागे उभी राहील. नकोच वाटलं तर नको, ती काही म्हणणार नाही. संध्याकाळी शितं उचलून तांब्याभर पाणी ओतायचं तेवढं कर. आता तिला कठड्यापर्यंत वाकवत नाही.

– आई