पॉइंट्सचं गणित, नऊ मिलिमीटरची फळी आणि सातवी लॅप

७ डिसेंबर २०२५ला अबू धाबीच्या यास मरीना सर्किटवर रेड बुलच्या व्हर्स्टॅपनने फॉर्म्युला वन हंगामातली शेवटची शर्यत जिंकली. मॅक्लारेनचा लँडो नॉरिस तिसरा आला आणि ४२३ विरुद्ध ४२१ अशा दोन गुणांच्या फरकाने विश्वविजेता ठरला. त्यानंतर आलेल्या प्रश्नांपैकी बरेचसे एकाच गोष्टीभोवती फिरतात: हंगामाच्या शेवटी, दडपण असताना, टीम आणि ड्रायव्हर असं का वागतात? निवडक प्रश्न घेतले आहेत.

नॉरिसला तिसरा क्रमांक पुरेसा आहे, हे समालोचक आधीपासून सांगत होते. घरी बसून हे कसं काढायचं? – ठाणे

कागद-पेन्सिल पुरते. पहिल्या दहा जणांना २५, १८, १५, १२, १०, ८, ६, ४, २, १ असे गुण मिळतात. अबू धाबीपूर्वी नॉरिस ४०८, व्हर्स्टॅपन ३९६, नॉरिसचा मॅक्लारेनमधला सहकारी पियास्त्री ३९२. आधी मागच्याची सर्वोत्तम शक्यता धरा. व्हर्स्टॅपन जिंकला तर ४२१. त्यातून ४०८ वजा केले की उरतात १३. चौथ्याला मिळतात १२, म्हणजे एकाने कमी. म्हणून तिसरा.

गडबड दोन ठिकाणी होते. एक म्हणजे तिसऱ्या दावेदाराचा हिशेब वेगळा मांडावा लागतो. पियास्त्री जिंकला असता तर त्याचे ४१७ झाले असते. अशा वेळी पियास्त्रीला मागे ठेवायला नॉरिसला पाचवा क्रमांकही चालला असता. दोन्ही कोष्टकं शेजारी मांडून त्यातली कडक अट धरायची. दुसरी गडबड बरोबरीची. गुण सारखे झाले तर हंगामातले विजय मोजतात; तेही सारखे निघाले तर दुसरे क्रमांक, मग तिसरे. आणि त्यात शेवटच्या शर्यतीचा निकालही धरायचा असतो, हे पुष्कळ जण विसरतात. २००८ला ब्राझीलच्या इंटरलागोसमध्ये, शेवटच्या शर्यतीत, हॅमिल्टन सहावा राहिला असता तर तो आणि मासा दोघांचे ९७ झाले असते आणि सहा विरुद्ध पाच विजयांवर मासा चॅम्पियन ठरला असता. शेवटच्या कोपऱ्यांमध्ये एक जागा मिळाल्याने हॅमिल्टन ९८वर गेला.

जुनी पुस्तकं चाळणाऱ्यांनी २०२५च्या हिशेबात सर्वात वेगवान लॅपचा (फेरीचा) एक गुण धरू नये, तो त्या हंगामापासून बंद झाला. स्प्रिंट (मुख्य शर्यतीआधीची छोटी शर्यत) असलेल्या आठवड्यात मात्र तिच्या विजेत्याला मिळणारे जास्तीचे आठ गुण धरायलाच हवेत.

लास वेगासमध्ये मॅक्लारेनच्या दोन्ही गाड्या बाद केल्या. मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्यासाठी एवढी शिक्षा? दंड करून सोडता आलं नसतं? – नागपूर

गाडीच्या पोटाखाली एक फळी असते. नवी असताना ती १० मिलिमीटर जाड, आणि शर्यतीनंतर ठरावीक भोकांपाशी मोजली तर ती ९ मिलिमीटरपेक्षा कमी भरता कामा नये. नॉरिसच्या गाडीची फळी एका जागी ०.१२ मिलिमीटरने कमी भरली, पियास्त्रीची त्याहून जास्त. दुसऱ्या आणि चौथ्या क्रमांकाचे मिळून ३० गुण गेले.

हा नियम का आहे ते आधी पाहू. २०२२ ते २०२५च्या गाड्यांचा बहुतेक डाउनफोर्स, म्हणजे गाडीला रस्त्याकडे दाबणारा हवेचा जोर, गाडीच्या पोटाखालून यायचा. गाडी जितकी खाली, तितकी ती रस्त्याला घट्ट चिकटते आणि कोपऱ्यात तितकी वेगवान. फळी ही त्या लोभाला घातलेली वेसण आहे. फार खाली बसवलेली गाडी फळी घासते, आणि घासलेली फळी मोजपट्टी लावली की बोलते. इथे जाणूनबुजून केलं की चुकून झालं याला महत्त्व नाही. तांत्रिक नियमांत 'थोडंसं' अशी पायरी नसते, कारण ती ठेवली तर पुढच्या आठवड्यात प्रत्येक जण त्या पायरीवर उभा दिसेल.

मग मॅक्लारेनसारखी टीम चुकली कशी? टीमचं स्पष्टीकरण असं की, शर्यतीत गाडी अपेक्षेपेक्षा जास्त उसळली. लांब सरळ रस्त्यावर भरधाव जाताना गाडी खाली ओढली जाते, हवेचा प्रवाह तुटतो, गाडी वर येते, पुन्हा ओढली जाते. दर उसळीला फळी आपटते. हे टाळायचं तर सरावात भरपूर इंधन भरून लांब पल्ल्याच्या लॅप मारायच्या, फळी मोजायची आणि मग गाडीची उंची ठरवायची. वेगासला सरावाचा वेळ विस्कळीत झाला, त्यामुळे हे काम नीट झालं नाही. अशा वेळी एखादा मिलिमीटर वर बसवून लॅपमागे थोडा वेळ गमावणं शहाणपणाचं. आघाडीवर असलेल्याने तर नक्कीच.

कतारमध्ये सातव्या लॅपला सगळे पिटमध्ये गेले, मॅक्लारेन गेली नाही. त्यांना साधी बेरीज येत नव्हती का? – पुणे

बेरीज येत होती. अडचण वेगळी होती, आणि ती सविस्तर सांगण्याजोगी आहे.

कतारच्या लुसेल सर्किटवर वेगवान लांब कोपरे आहेत, टायर, विशेषतः डावा पुढचा, तिथे फार झिजतो. म्हणून त्या आठवड्यासाठी टायरच्या एका संचावर जास्तीत जास्त २५ लॅपची मर्यादा घातली होती. सेफ्टी कारमागे (अपघातानंतर सगळ्यांना हळू चालवायला पुढे येणाऱ्या गाडीमागे) फिरलेल्या लॅपही त्यात धरल्या जात. शर्यत ५७ लॅपची. ५७ मधून दोन पूर्ण संचांच्या ५० लॅप वजा करा, उरतात सात. म्हणजे पहिला पिट स्टॉप (टायर बदलायला थांबणं) सातव्या लॅपच्या आधी घेतला तर पुढे दोन संचांत शर्यत पुरी होत नाही. सातव्याला घेतला तर अगदी काठावर होते. आणि नेमकं सातव्याच लॅपला, हुल्केनबर्ग आणि गॅस्ली एकमेकांना लागल्यावर, सेफ्टी कार बाहेर आली.

सेफ्टी कार असताना सगळे हळू चालतात, त्यामुळे पिटमध्ये गेलेला वेळ नेहमीपेक्षा कितीतरी कमी पडतो. जवळजवळ सगळ्यांनी तो स्वस्तातला स्टॉप उचलला. मॅक्लारेनच्या दोन गाड्यांचे दोन्ही स्टॉप पुढे शर्यतीच्या पूर्ण वेगात व्हायचे राहिले. पियास्त्री पोलवरून, म्हणजे सुरुवातीच्या पहिल्या जागेवरून, सुटून पुढे होता, तो दुसरा आला. नॉरिस चौथा. व्हर्स्टॅपन जिंकला.

मॅक्लारेनने बाहेर राहण्यामागे विचार होता, तो असा. एक, सातव्याला थांबलेल्यांचे पुढचे स्टॉप ठरून गेले: ३२व्या लॅपला यायचंच, पुढे-मागे हलायला जागा नाही. बाहेर राहणाऱ्याला ती मोकळीक राहते. दोन, दोन्ही गाड्या एकदम आत बोलावल्या तर दुसरीला पहिलीमागे खोळंबावं लागतं आणि तेवढ्यात दोन-तीन जागा जातात. तीन, सगळेच्या सगळे आत जातील असं टीमला वाटलं नव्हतं, हे त्यांनी नंतर मान्य केलं. पण लुसेलवर ओव्हरटेक करणं कठीण, म्हणजे त्या मोकळिकीची किंमत जवळपास शून्य. इथे हिशेब फसला.

आणखी एक कारण आमच्या मते जास्त खोल आहे. पिटमध्ये जायचं की नाही, हे पुढच्याला आधी ठरवावं लागतं. मागचा त्याच्याकडे बघून ठरवतो. पियास्त्री सरळ गेला की व्हर्स्टॅपनच्या टीमला उलटं करणं सोपं. अशा वेळी दोन गाड्या असलेल्या टीमला एक आत, एक बाहेर असं वाटून टाकता येतं. दोघांपैकी एक तरी बरोबर ठरतो. मॅक्लारेनने वर्षभर दोन्ही ड्रायव्हरना समान वागणूक देण्याचा आग्रह धरला होता, आणि वाटून टाकणं म्हणजे त्यातल्या एकाला चुकीच्या बाजूला उभं करणं. हा आग्रह सभ्य होता, पण त्या सातव्या लॅपला महाग पडला.

हीच गोष्ट २०१०ला अबू धाबीत फेरारीच्या बाबतीत झाली होती. अलोन्सो आठ गुणांनी पुढे, मागे रेड बुलचा वेबर, त्याच्याही मागे वेबरचाच सहकारी व्हेटेल. वेबर अकराव्या लॅपला पिटमध्ये गेला, फेरारीने त्याला अडवायला अलोन्सोला पंधराव्याला बोलावलं, आणि तो बाहेर आला तो रेनॉच्या पेत्रोव्हच्या मागे. पेत्रोव्हने पहिल्याच लॅपच्या सेफ्टी कारखाली टायर बदलून घेतले होते, त्याला पुन्हा थांबायचंच नव्हतं. अलोन्सो शेवटपर्यंत त्याच्यामागे अडकून सातवा आला. हवा होता चौथा. व्हेटेल शर्यतही जिंकला आणि विजेतेपदही, चार गुणांनी. ज्याच्यावर नजर ठेवली तो वेबर आठवा होता.

कतारमध्ये अँटोनेलीने मुद्दाम नॉरिसला जाऊ दिलं म्हणतात. आणि २००८ला ग्लॉकने हॅमिल्टनला? – कोल्हापूर

दोन्हींचं उत्तर नाही.

मर्सिडीजचा अँटोनेली साइन्झच्या मागे, तिसऱ्या जागेसाठी जोर लावत होता. पुढच्या गाडीच्या विस्कटलेल्या हवेत पकड कमी होते, मागची चाकं सुटली, गाडी बाहेर गेली. शेवटून दुसरी लॅप होती. मॅक्लारेन मर्सिडीजचं इंजिन वापरते म्हणून संशय घेतला गेला, पण पोडियम (पहिल्या तिघांतली जागा) सोडून कोण कोणावर मेहेरबानी करतो? रेड बुलनेही नंतर हा आरोप चुकीचा होता असं जाहीर केलं. अर्थात, त्या चुकीने नॉरिसला दोन गुण मिळाले हे खरं. ते नसते आणि बाकी सगळं तसंच घडलं असतं तर ४२१-४२१, आणि आठ विरुद्ध सात विजयांवर व्हर्स्टॅपन. पण मग अबू धाबीत नॉरिसही वेगळा चालला असता, तेव्हा या 'तर'ला फार ताणू नये.

टोयोटाच्या ग्लॉकचं प्रकरण याहून सोपं; इंटरलागोसला हॅमिल्टनला मिळालेली जागा त्याचीच. शेवटच्या काही लॅपना पाऊस आला, बाकीचे ओल्या रस्त्याचे टायर घ्यायला आत गेले, टोयोटाने आपल्या दोन्ही गाड्या कोरड्या टायरवर बाहेर ठेवल्या. त्यामुळेच ग्लॉक चौथ्या जागेवर पोहोचला होता. शेवटच्या लॅपला रस्ता इतका ओला झाला की कोरड्या टायरवर गाडी उभी राहीना. त्याच टीमचा ट्रुलीही तसल्याच टायरवर होता, आणि त्याची शेवटची लॅपही तितकीच हळू होती. दोघांच्या वेळा शेजारी ठेवल्या की कटाची गोष्ट संपते.

अबू धाबीत व्हर्स्टॅपन पुढे होता. २०१६ला हॅमिल्टनने केलं तसं हळू चालून नॉरिसला मागच्यांच्या तोंडी का दिलं नाही? – पणजी

२०१६ला हॅमिल्टनच्या लगेच मागे त्याचा विजेतेपदाचा प्रतिस्पर्धी रोझबर्ग होता, त्याच्या मागे ताज्या टायरवर व्हेटेल आणि मग व्हर्स्टॅपन. तरीही रोझबर्गने दुसरी जागा सोडली नाही आणि विजेतेपद पाच गुणांनी घेतलं. म्हणजे अनुकूल परिस्थितीतही ही युक्ती फसली.

२०२५ला परिस्थिती अनुकूल नव्हती. पहिल्याच लॅपला पियास्त्री कडक टायरवर नॉरिसच्या पुढे गेला, त्यामुळे व्हर्स्टॅपन आणि नॉरिस यांच्यामध्ये दुसरी मॅक्लारेन. व्हर्स्टॅपन हळू झाला असता तर आधी पियास्त्रीने त्याच्यावर झडप घातली असती. शिवाय २०२१ला यास मरीनाचा रस्ता बदलला, ५.५५४वरून ५.२८१ किलोमीटर झाला, अवघड वळणं काढली गेली, ओव्हरटेक सोपं झालं. वाट अडवून बसणं तिथे आता पूर्वीइतकं जमत नाही. नॉरिसच्या मागे लक्लेर होता, पण त्याच्याकडे वेग कमी पडला.

त्सुनोदाने नॉरिसला अडवलं ते नियमात बसतं का? – नाशिक

अडवणं बसतं. त्सुनोदा व्हर्स्टॅपनचा टीममधला सहकारी, आणि सहकाऱ्याला मदत करण्याचे टीमचे आदेश २०११पासून पुन्हा मोकळे आहेत. २००२ला ऑस्ट्रियात फेरारीने बारिकेलोला सांगून शूमाकरला जिंकू दिलं, त्यानंतर त्यांच्यावर बंदी होती. फक्त बचाव करताना दिशा एकदाच बदलता येते. त्सुनोदा त्याहून जास्त वेळा वळला, म्हणून त्याला पाच सेकंदांची शिक्षा. नॉरिस रस्त्याबाहेरून पुढे गेला तरी त्याला काही झालं नाही, कारण त्याला बाहेर ढकललं गेलं होतं. नीट अडवणं कसं असतं ते पाहायचं असेल तर २०२१च्या अबू धाबीतल्या २०व्या-२१व्या लॅप पाहा. व्हर्स्टॅपनचा तेव्हाचा सहकारी पेरेझने जुन्या टायरवर, एकही नियम न मोडता, हॅमिल्टनचे कित्येक सेकंद खाल्ले.

२०२१सारखा शेवट पुन्हा होऊ शकतो का? – सातारा

सेफ्टी कारनंतर एका लॅपची शर्यत होऊ शकते, त्याला बंदी नाही. पण तेव्हा अबू धाबीतल्या शेवटच्या शर्यतीत हॅमिल्टन आणि व्हर्स्टॅपनच्या मधल्या, एक लॅप मागे पडलेल्या पाचच गाड्यांना पुढे जाऊ दिलं आणि बाकीच्यांना ठेवलं, तो प्रकार आता होणार नाही. नियमातला 'कोणत्याही' गाड्या हा शब्द काढून 'सर्व' असा केला आहे. पिटमधून डावपेच ठरवणाऱ्या टीमची अडचण मात्र तशीच आहे. हॅमिल्टन पुढे होता, म्हणून थांबला तर जागा जाण्याची भीती त्यालाच. व्हर्स्टॅपनने बिनधास्त मऊ टायर घेतले आणि शेवटच्या लॅपला त्याला मागे टाकून विजेतेपद घेतलं.

भारतात कधी विजेतेपदाचा निकाल लागला आहे का? – सोलापूर

हो, २७ ऑक्टोबर २०१३ला ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर. तीन शर्यती बाकी असताना व्हेटेलने तिथे सलग चौथं विजेतेपद पक्कं केलं. तंत्राच्या दृष्टीने पाहण्यासारखी गोष्ट म्हणजे त्याने मऊ टायरवर पोलवरून सुरुवात केली आणि दुसऱ्याच लॅपच्या शेवटी ते काढून टाकले. ते टायर पटकन संपत होते आणि नियमाने दोन प्रकार वापरावेच लागत, म्हणून नकोसं काम आधी उरकलं. पुढे मोकळ्या रस्त्यावर वेग लावून तो जवळपास ३० सेकंदांनी जिंकला. निकालानंतर त्याने प्रेक्षकांसमोर गाडी गोल-गोल फिरवली. त्याबद्दल त्याला समज मिळाली आणि टीमला २५,००० युरो दंड झाला. रेड बुलने तो भरला.