तंबूसाठी साडेएकतीस हजारांचं सोलर घ्यावं का?

छत्रपती संभाजीनगरहून एका वाचकाचं पत्र आलं आहे. वय ३४, वाळूजला नोकरी, पत्नी शिक्षिका, दोन मुलं. वर्षातून सहाएक वेळा चार मित्रांसोबत गाडी काढून गौताळ्याच्या बाजूला, म्हैसमाळला किंवा अंतुर किल्ल्याच्या परिसरात तंबू ठोकतात. अमावस्येच्या आसपास तारे बघायचे हा मुख्य नाद. त्यांनी १०० वॅटचं घडीचं सोलर पॅनेल आणि ३०० वॅट-तासांचा बॅटरीचा डबा असा संच पाहून ठेवला आहे: ३१,५०० रुपये, बारा महिने बिनव्याजी हप्ता. नुसतं स्वस्त पॅनेल ६,५०० ला मिळतंय. पत्राच्या शेवटी जाता जाता एक ओळ आहे: ‘जिंतूर तालुक्यात आमचं शेत आहे, वडील आठवड्यातून दोन-तीन रात्री पाणी द्यायला आखाड्यावर (शेतातल्या घरी) असतात, तिथंही कधी नेता येईल.’

आधी तंबूचं बघू. तुमच्या एका रात्रीला वीज लागते किती? (एक वॅटचं उपकरण तासभर चाललं की एक वॅट-तास, असे हजार म्हणजे एक युनिट.) मोबाइलची ५,००० एमएएचची बॅटरी म्हणजे साधारण १९ वॅट-तास, चार्जिंगमधली गळती धरून २५. चार मोबाइल पूर्ण भरायचे तर १००. पाच वॅटचा एलईडी कंदील पाच तास चालवला तर आणखी २५. कॅमेरा, डोक्यावरची बॅटरी मिळून २५ धरा. दीडशे वॅट-तास झाले, आणि हे हात सैल सोडून मोजलंय. सहा सहलींच्या आठ रात्री धरल्या तर वर्षाचे १,२०० वॅट-तास, म्हणजे सव्वा युनिट. घरच्या मीटरवर याचे वीस रुपयेही होत नाहीत. तेवढ्या विजेसाठी साडेएकतीस हजार गुंतवायचे! संच चार वर्षं टिकला असं धरलं तर ३२ रात्री होतात, एका रात्रीला ९८४ रुपये पडतात.

दुसरी गोष्ट घड्याळाची. तुम्ही शनिवारी दुपारी निघता, चार-पाचला पोचता, रविवारी नाश्ता करून तंबू आवरता. पॅनेलला खरी कमाई करून देणारं ऊन सकाळी दहा ते दुपारी तीनचं. तेव्हा तुम्ही रस्त्यावर असता नाहीतर किल्ला चढत असता. पॅनेल पाठीवरच्या सॅकला लटकवून चाललात तर ते उन्हाकडे नीट तोंड करून राहतच नाही, आणि झाडाची सावली त्यातल्या एकदोन चौकटींवर (सेलवर) पडली तरी सगळ्या पॅनेलची वीज एकदम खाली येते. एका रात्रीच्या मुक्कामाला पॅनेल हे ओझंच ठरतं, स्वस्त असो की महाग.

म्हणून ६,५०० चं नुसतं पॅनेलही नको. त्याऐवजी २०,००० एमएएचच्या दोन चांगल्या पॉवर बँका घ्या, चारेक हजारांत येतात. प्रत्येकीवर ७४ वॅट-तास लिहिलेलं असतं, हातात ४५ ते ५० येतात. मोबाइल घरून भरून निघालात आणि वाटेत गाडीच्या सॉकेटवर लावलेत तर दोन रात्रीही अडत नाही. पाठीवर छोटं सोलर चिकटवलेली पॉवर बँक मात्र घेऊ नका. तळहाताएवढ्या त्या पट्टीतून भर उन्हात एकदीड वॅट निघतात, ती बँक नुसत्या उन्हावर भरायला दहा दिवसही पुरत नाहीत.

पत्रात लाईट गेल्यावर घरी पंखा चालेल असंही लिहिलंय. ते खरं आहे. ३०० वॅट-तासांच्या डब्यावर गळती धरून साधा ७५ वॅटचा पंखा सव्वातीन तास आणि कमी वीज खाणारा बीएलडीसी पंखा आठ तास चालेल. पण तो डबा घरी भिंतीवरच्या प्लगवर भरतो, त्याला पॅनेल लागत नाही. आणि घरातल्या अंधाराचाच प्रश्न असेल तर याच रकमेच्या आत १५० एएचच्या (अँपिअर-तासांच्या), १२ व्होल्टच्या बॅटरीसह इन्व्हर्टर बसतो. त्यात १,८०० वॅट-तास असतात, या डब्याच्या सहापट.

आता ती शेवटची ओळ. माझ्या मते तुमच्या पत्रात सगळ्यात महत्त्वाची तीच आहे, आणि तुम्ही ती सगळ्यात कमी शब्दांत लिहिली आहे. वडील रात्रपाळीच्या लाईटवर मोटार चालू करायला अंधारात बांधावरून जातात. आठवड्याला दोन-तीन रात्री म्हणजे वर्षाला सव्वाशेच्या घरात रात्री. ऊन दिवसभर त्याच जागेवर पडतं, पॅनेल उचलावं लागत नाही, वीज रोज वापरली जाते. सोलरचे पैसे वसूल होतात ते अशाच ठिकाणी. ऊसतोडीला गेलेली कुटुंबं कोपीत चार-पाच महिने काढतात, त्यांनाही हाच हिशोब लागू पडतो.

पण आखाड्यावर घडीचं पॅनेल नेऊ नका. साधं काचेचं ५० वॅटचं पॅनेल, १२ व्होल्टची १२ एएचची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी, ती नीट भरणारा चार्ज कंट्रोलर आणि पाच-पाच वॅटचे दोन एलईडी दिवे घ्या. परभणी-जिंतूरच्या बॅटरीवाल्यांकडे भाव काढा, सात-आठ हजारांच्या आसपास व्हायला हवं. ५० वॅटचं पॅनेल पाच तासांच्या चांगल्या उन्हात, उष्णतेची आणि धुळीची तूट वजा जाऊन, पावणेदोनशे वॅट-तास देतं. बॅटरीत दीडशे मावतात. दोन्ही दिवे रात्रभर आणि वडिलांचा मोबाइल मिळून सव्वाशे लागतात. पाच वर्षांत सहाशे रात्री धरल्या तर एका रात्रीला बारा-तेरा रुपये पडतात. एक दिवा मोटारीच्या पेटीपाशी लावा, दुसरा उंबऱ्याशी. साप-विंचू पायाखाली येण्याआधी दिसले पाहिजेत, यासाठी मी तुम्हाला आनंदाने खर्च करायला सांगेन. पॅनेल दक्षिणेकडे वीसेक अंश कलतं ठेवा, नटबोल्टने पक्कं कसा म्हणजे सहज चोरीला जाणार नाही, आणि आठवड्याला ओल्या फडक्याने पुसा. आपल्याकडच्या मे महिन्यात पॅनेल ६५ अंशांपर्यंत तापतं, दर अंशामागे त्याची वीज पाव ते अर्धा टक्का घटते, म्हणून पत्र्याला चिकटवू नका, खालून वारा खेळू द्या.

बिनव्याजी हप्त्याची पावती नीट वाचा. बहुतेक वेळा बँक व्याज लावतेच, दुकानदार तेवढी सूट देतो. त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि प्रक्रिया शुल्क तुमच्याच खिशातून जातं. महिन्याला २,६२५ रुपयांचा हप्ता भरायची तुमची तयारी होतीच. पॉवर बँका आणि आखाड्याचं सामान मिळून साडेअकरा-बारा हजार होतात, म्हणजे पहिल्या साडेचार महिन्यांचे हप्ते. ते रोखीने घ्या आणि पुढच्या महिन्यांचे तेवढेच पैसे आरडीत टाका. हाताशी दीडच पगाराची शिल्लक आहे असं तुम्ही लिहिलंय, दोन मुलांच्या घराला ती फार कमी आहे.

पुढे कधी दिवाळीच्या सुट्टीत एकाच जागी चार-पाच दिवस, गाडीशिवाय मुक्काम ठरला, तर घडीचं पॅनेल जरूर बघा. तेव्हा दुकानात मोजपट्टी घेऊन जा. चांगल्या चौकटी चौरस मीटरला दोनशे-सव्वादोनशे वॅट देतात, म्हणजे १०० वॅटला जवळपास अर्धा चौरस मीटर जागा हवीच. दोन फूट बाय एक फुटाच्या पॅनेलवर १०० वॅट छापलं असेल तर ते चाळीसचं आहे. मागच्या लेबलवर १८ व्होल्टसमोर साडेपाच अँपिअर दिसले पाहिजेत. तीनच दिसले तर परत ठेवा.