मुलीला कामगारांच्या अपघातांचे आकडे काढायचेत, असलं करिअर असतं का?

नमस्कार दादा,

पत्र दोनदा वाचलं. मुलगी बीएस्सी स्टॅटिस्टिक्सच्या शेवटच्या वर्षाला, 71 टक्के, तुम्ही डेटा सायन्सचा साडेतीन लाखांचा कोर्स जवळपास पक्का करून टाकलाय, आणि ती म्हणते देशात कामामुळे किती लोक जखमी होतात, आजारी पडतात, मरतात ह्याचा अंदाज काढायच्या कामात जायचंय. तुमचा प्रश्न असा की आकडे तर सरकारकडे असतातच, ही नवीन काय काढणार, आणि हे खूळ डोक्यात आलं कुठून.

अहो कुठून काय, तुमच्याच पत्रात आहे की. चाकणला प्रेस शॉपमध्ये तुमची दोन बोटं गेली, कंपनीने प्रायव्हेट हॉस्पिटलचं बिल भरलं, दोन महिन्यांनी परत मशीनवर, "आमच्या लाईनमध्ये चालायचंच". एका ओळीत उरकलंत. ती तेव्हा पाचवीत होती, तिने काही ते एका ओळीत पाहिलेलं नसणार.

मार्कांचं सोडा, 71 मध्ये काही अडत नाही. मला खटकलं ते "आम्ही ठरवलंय", पत्रात तीनदा आलंय, आणि वर "लग्नाआधी दोन वर्षं चांगलं पॅकेज मिळालं की झालं". शिकणार ती, नोकरी करणार ती, आणि तिचं म्हणणं मला तुमच्या तक्रारीतून शोधून काढावं लागतंय. स्पष्ट बोलते, राग मानू नका, पण नको असलेल्या कोर्सला साडेतीन लाख भरून बसवलेली मुलं मी बघते, सहा महिन्यांत लॅपटॉप उघडायचा कंटाळा करायला लागतात. आणि जाता जाता, तेव्हा तुमच्या पगारातून ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, कापला जात होता का? असेल तर कायमच्या अपंगत्वाला दरमहा पैसे मिळायची सोय त्यात आहे. पण प्रायव्हेटमध्ये परस्पर उरकलं की पुष्कळदा अपघाताचा रिपोर्टच जात नाही. चौकशी करा.

आता "आकडे सरकारकडे असतातच" हे. नसतात. डीजीफासली नावाची केंद्राची संस्था राज्यांच्या कारखाना निरीक्षकांकडून आकडे गोळा करते, पण ते नोंदणी झालेल्या कारखान्यांचे, आणि 1948 च्या फॅक्टरी अ‍ॅक्टने कारखाना कशाला म्हटलं होतं तर वीज असेल तर 10 कामगार, नसेल तर 20; नोव्हेंबर 2025 पासून त्याच्या जागी नवीन कायदा आलाय, त्यात तर 20 आणि 40. म्हणजे चार माणसांचं वर्कशॉप बाहेर, शेत बाहेर. ऊस तोडताना बाईला साप चावला तर दवाखान्यात सर्पदंश लिहितात, कामावरचा अपघात कोण लिहितं? आजारांचं तर विचारूच नका. दगडाच्या खाणीत, क्रशरवर धूळ खाल्लेल्या माणसाला सिलिकोसिस, म्हणजे धुळीने होणारा फुफ्फुसाचा आजार, बऱ्याचदा दहा-पंधरा वर्षांनी दिसतो, तोवर तो काम सोडून गावी आलेला, एक्स-रे बघून डॉक्टर टीबीच्या गोळ्या चालू करतात आणि कागदावर टीबी राहतो. आयएलओचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा, 2023 चा जागतिक अंदाज बघा, वर्षाला कामामुळे साधारण 29 लाख मृत्यू, त्यातले अपघाताचे 3.3 लाख, बाकीचे सगळे आजारांचे. म्हणजे ज्याची नोंद सगळ्यात कच्ची तेच सगळ्यात मोठं. त्यामुळे हा आकडा नुसता मोजून मिळत नाही, तो बांधावा लागतो.

कसा, ते थोडं सांगते म्हणजे खूळ वाटणार नाही. समजा एका तालुक्यात हॉस्पिटलच्या यादीत 100 जखमी कामगार आहेत, ईएसआयच्या यादीत 80, आणि 40 नावं दोन्हीकडे. ईएसआयच्या 80 पैकी निम्मेच हॉस्पिटलला सापडले, म्हणजे हॉस्पिटलची यादी निम्मंच पकडतेय, म्हणजे एकूण 200 च्या आसपास असणार. दोन्ही याद्या मिळून नावं 140, उरलेले 60 कुठेच नाहीत. (याद्या एकमेकींवर अवलंबून असल्या तर हे फसतं, आणि ते ओळखणं हीच खरी अक्कल, त्याला स्टॅटिस्टिक्स लागतं.) अमेरिकेत 1992 पासून कामावरच्या जीवघेण्या अपघातांची देशभर वेगळी गणना होते, त्यात मृत्यूचे दाखले, विम्याचे क्लेम, पेपरातल्या बातम्यासुद्धा जुळवून बघतात.

रस्ते नेहमीचेच, एमएस्सी स्टॅटिस्टिक्स, देवनारच्या आयआयपीएस ह्या लोकसंख्या अभ्यासाच्या संस्थेत बायोस्टॅटिस्टिक्स (आरोग्याच्या आकड्यांचं स्टॅटिस्टिक्स), पुढे चेन्नईच्या एनआयई ह्या साथरोगशास्त्राच्या संस्थेत पब्लिक हेल्थ, नाहीतर यूपीएससीची इंडियन स्टॅटिस्टिकल सर्व्हिस. सेफ्टी ऑफिसरचा डिप्लोमा कोणी सुचवेल, ते काम वेगळं, तिने मागितलेलं नाही. आणि हो, सुरुवातीला पगार आयटीपेक्षा कमी, नोकऱ्या प्रोजेक्टवर, वर्षा-दोन वर्षांची मुदत संपली की दुसरं शोधा, हे तिलाही आत्ताच सांगा. पण जे स्टॅटिस्टिक्स ती इथे शिकेल ते विमा कंपनी, फार्मा, डेटा सायन्स सगळीकडे चालतं, उलट्या दिशेने तेवढं सोपं नाही.

तर कोर्सचे पैसे सध्या भरू नका. आधी तिला म्हणावं पीएलएफएस म्हणजे सरकारच्या रोजगार सर्व्हेचा डेटा साईटवरून उतरव, फुकट मिळतो, आणि आपल्या जिल्ह्यातले किती लोक कुठल्याच कारखान्याच्या रजिस्टरवर येऊ शकत नाहीत ह्याचा अंदाज बांधून बघ. जिल्ह्यापुरता नमुना अपुरा पडेल, तेव्हा काय करायचं तेही तिनेच ठरवावं. महिनाभर त्यात रमली तर एमएस्सीचे फॉर्म भरा, कंटाळली तर तुमचा कोर्स कुठे पळून जात नाही. आणि पुढचं पत्र तिला लिहू द्या, तुम्ही वाचायच्या आधी पाठवलं तरी चालेल.